तीन चमच्यांची मंजुरी

त्या मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता डॉक्टरांनी काकांच्या जठराचा तीन-चतुर्थांश भाग कापून काढला. संमतीच्या कागदावर नातेवाईक म्हणून माझी सही होती. काकू घरी होत्या. काका पेन्शनरांच्या बैठकीसाठी जयपूरला गेले आहेत, असं त्यांना सांगितलेलं होतं.

मी त्यांचा नातेवाईक नव्हतो, भाडेकरू होतो. 'रुग्णाशी नातं' या रकान्यापाशी माझं पेन थांबलं, तेव्हा स्ट्रेचरवर पडलेले काका म्हणाले, "भाचा लिही. पुतण्या लिहिलंस तर लोकांना इस्टेटीचा संशय येतो."

दुपारी शुद्धीवर आल्यावर त्यांनी नर्सला विचारलं, "जो निकाला, उसका वजन कितना था?" नर्स म्हणाली, ते आम्ही मोजत नाही. काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "म्हणजे जावक नोंदच नाही. आणि हे म्हणे पंचतारांकित हॉस्पिटल."

हॉस्पिटल खरोखरच हॉटेलसारखं होतं. खालच्या दालनात कारंजं होतं, आणि वजन कमी करण्याच्या विभागाकडे जाणाऱ्या लिफ्टशेजारी पेस्ट्रीचं दुकान होतं. ऑपरेशनच्या आधी तिथे काकांनी अननसाची एक पेस्ट्री बराच वेळ पाहिली होती. खाल्ली नाही. "निरोप समारंभ करायचा नाही," एवढंच म्हणाले.

मी दिल्लीला आलो होतो नागरी सेवा परीक्षेसाठी. तीन प्रयत्न झाले, चौथ्याचं धैर्य झालं नाही, आणि मी गुडगावच्या एका खाजगी कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी धरली. काकांच्या फ्लॅटला स्वयंपाकघराच्या बाल्कनीतून वेगळा दरवाजा असलेली एक छोटी खोली होती. बिल्डरच्या नकाशात तिचं नाव 'सर्व्हंट रूम' असं होतं. काकांनी ते खोडून वर 'अभ्यासिका' असं लिहिलं होतं. "या घरात नोकर एकच झाला, तो सरकारी होता आणि निवृत्त झाला," असं म्हणत त्यांनी मला ती खोली दिली. तिची एकुलती एक खिडकी बाल्कनीत उघडत असे, आणि बाल्कनीच्या पलीकडे काकूंची शेगडी. त्यामुळे त्या घरात जे काही शिजलं, करपलं किंवा बोललं गेलं, ते सगळं माझ्यापर्यंत पोचलं.

काकांनी तेहेतीस वर्षं केंद्र सरकारात साखरेच्या फायली हाताळल्या. कोणत्या राज्याला रेशनवर किती साखर, कोणत्या सणाला किती जादा, हे त्यांच्या टेबलावरून जायचं. "या देशाची दिवाळी माझ्या ट्रेमध्ये पडून असायची," ते सांगत. मग उदारीकरण आलं. एकेक नियंत्रण उठत गेलं, काकांच्या टेबलावरच्या फायली बारीक होत गेल्या आणि काका त्याच वेगाने जाड होत गेले. "अख्ख्या देशावरचं नियंत्रण उठलं, मग माझ्या एकट्यावर कशाला ठेवायचं?" हा त्यांचा युक्तिवाद होता.

त्याच सुमाराला त्यांनी गुडगावला मोहरीच्या शेतात उभ्या राहणाऱ्या एका इमारतीत हा फ्लॅट घेतला. सरकारी क्वार्टरमधल्या शेजाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. सोसायटीला एका इटालियन गावाचं नाव होतं. सुरुवातीला ते गाव पाहिलेलं कोणीच तिथे राहत नव्हतं. मी राहायला गेलो तोवर जवळजवळ सगळे जाऊन आले होते आणि आपली सोसायटी जास्त चांगली आहे असं त्यांचं मत झालं होतं.

काकांना आणि काकूंना मूलबाळ नव्हतं. दोघांचं आपसात बोलणंही फार नव्हतं. जे होतं ते गोडाधोडावरून. काकू रोज काहीतरी गोड करत, वाटीभर का होईना. आणि त्या कधीच चाखून बघत नसत. त्यांच्या माहेरी देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नाही हा दंडक होता, आणि पुढे तो त्यांच्या हाताला इतका बसला की नैवेद्य नसलेल्या दिवशीही त्या वासावरून, रंगावरून, बोटांत पाक धरून अंदाज घेत. चव काय झाली हे त्यांना काका सांगत. नैवेद्याचं ताटही काकाच खात.

आणि काका ते सांगत फायलीवरच्या शेऱ्यांत. वाटी संपवायची, डोळे मिटायचे, हात पोटावर ठेवायचे.

"शिरा. सकृद्दर्शनी ठीक. रवा आणखी दोन मिनिटं भाजला असता तर शिफारस करता आली असती."

"बेसनाचे लाडू. मंजूर. पूर्वीच्या नोंदींशी सुसंगत."

"दुधी हलवा. फेरसादर करावा."

काकू दुसऱ्या दिवशी खरोखर फेरसादर करत. मी एकदा त्यांना म्हटलं, "काकू, तुम्हाला राग नाही येत?" त्या म्हणाल्या, "कशाचा? खोटं बोलत नाहीत ते. माझ्या सासरी सगळे छान म्हणायचे आणि पानात टाकायचे. हे नावं ठेवतात आणि चाटूनपुसून खातात. तुला कुठलं चालेल?"

पण चाटूनपुसून खाण्याचे हिशेब गुडघ्यांवर जमा होत गेले. काका लिफ्टपासून गाडीपर्यंत दोनदा थांबत. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आधी चाळीस किलो उतरवा, मग गुडघ्यांचं बघू. चालायचं तर वजन उतरवायला हवं आणि वजन उतरवायचं तर चालायला हवं, अशी ती फाईल दोन टेबलांमध्ये फिरत राहिली. शेवटी काकांनी पोटाच्या ऑपरेशनचा निर्णय एकट्याने घेतला.

"काकूंना सांगायला नको?" मी विचारलं.

"विचारलं तर ती नाही म्हणेल. ती नाही म्हणाली तर मला करता येणार नाही. म्हणून फाईल तिच्याकडे पाठवायचीच नाही."

योजना चांगली होती. ती फसली घेवरामुळे, जयपूरच्या त्या जाळीदार मिठाईमुळे. चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो, काका सावकाश सोफ्यावर टेकले, आणि काकूंनी विचारलं, "घेवर कुठाय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बॅगेकडे पाहिलं. जयपूरला जाऊन हा माणूस घेवराशिवाय परत आला, एवढं काकूंना पुरेसं होतं. त्यांनी पुढे होऊन काकांच्या शर्टाची दोन बटणं काढली आणि पट्ट्या पाहिल्या.

"काय केलंत?"

काकांनी सांगितलं. संपूर्ण, तांत्रिक तपशिलांसह.

काकूंनी दोन्ही बटणं परत लावली. मग त्या माझ्याशी बोलल्या, त्यांच्याशी नाही. "चाळीस वर्षं मी जे भरलं, ते यांनी कापून बादलीत टाकलं. आणि मला विचारलंही नाही. सही कोणाची होती रे?"

"माझी."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. संध्याकाळी त्यांनी गोडाची मोठी पितळी कढई घासली, पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. स्टुलावर त्यांना मीच धरलं.

सेवेत कसूर झाली नाही. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं त्याप्रमाणे गाळलेलं मुगाचं पाणी, मग गाळलेलं सूप, मग मऊ केलेलं पनीर, घड्याळ लावून काकांसमोर येई. पण शब्द येत नसे. देवापुढे साखरेचा चमचा ठेवला जाई. सणावारी दोन घास गोड झालंच, तर नैवेद्याचं ताट झाकून खाली गेटवरच्या सिक्युरिटी गार्डला जाई. काका ते ताट लिफ्टपर्यंत जाताना पाहत.

एकदा बाल्कनीत ते मला म्हणाले, "पोट गेलं त्याचं मला काही नाही. पण ती आता मला पेशंट म्हणून जेवायला वाढते. कढई खाली आली पाहिजे."

त्यासाठी त्यांनी जो मार्ग निवडला तो अर्थातच चुकीचा होता. त्यांनी स्वतः गोड करायला घेतलं.

हॉस्पिटलने त्यांना एक आहारतज्ज्ञ मुलगी नेमून दिली होती. ती रोज फोन करी आणि त्यांनी काय गिळलं ते विचारी. काकांनी तिला गोडाचं विचारलं. ती उत्साहाने म्हणाली, "अंकल, आप सब कुछ एन्जॉय कर सकते हो. बस शुगर नहीं, मैदा नहीं, राइस नहीं, सूजी नहीं, गुड नहीं."

"बेटा, सब कुछ में फिर बचा क्या?"

"बादाम," ती म्हणाली.

आम्ही मॉलमधल्या एका दुकानात गेलो. तिथे बिनसाखरेची, बिनपिठाची मिठाई दागिन्यांसारखी काचेत मांडलेली होती. ही मिठाई खाताना तुम्हाला अपराधी वाटणार नाही, असं पाटीवर लिहिलं होतं. काकांनी एक बर्फी घेतली, तिचे आठ तुकडे केले, एक तुकडा तीस वेळा चावला आणि म्हणाले, "खरं आहे. अपराधी वाटायला आधी गुन्हा घडावा लागतो."

मग घरात बदामाचं पीठ आलं, खोबऱ्याचा कीस आला आणि साखरेसारखी दिसणारी, जिभेला गार लागणारी एक पांढरी पावडर आली. काका जन्मात पहिल्यांदा एप्रन बांधून शेगडीपुढे उभे राहिले. काकू हॉलमध्ये टीव्हीचा आवाज बंद करून टीव्ही पाहत बसल्या.

खोबऱ्याच्या वडीसाठी काकांनी पावडरीचा पाक करायला ठेवला. पुस्तकात वाचल्याप्रमाणे एकतारी होण्याची ते वाट पाहत होते. पाऊण तास. दर दोन मिनिटांनी थेंब चिमटीत धरून बोटं उघडायचे. त्या पावडरीला तार येत नाही. आधी पाणी असतं, मग एकदम वाळू होते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, काकांनाही नव्हतं. काकूंना हॉलमध्ये बसून, नुसत्या ढवळण्याच्या आवाजावरून कळलं असणार. त्या उठल्या नाहीत.

ती वाळू काकांनी थापली, कापली आणि खाल्ली. त्यांचं ते खाणं हा सोहळा होता. बाहुलीच्या संसारातली वाटते तेवढी बशी, त्यात नखाएवढा तुकडा, लहान मुलाचा चमचा. एका वेळी तीन चमचे ही मर्यादा आहारतज्ज्ञ मुलीने घातली होती आणि काकांनी तिला रीतसर मंजुरी दिली होती. त्या तीन चमच्यांना ते चाळीस मिनिटं लावत. पूर्वी अर्धा किलो श्रीखंडाला सात मिनिटं लागायची. "तेव्हा मी वाहतूक करत होतो," ते म्हणाले. "चव आत्ता लागते आहे. दुर्दैवाने ती अशी आहे."

सोसायटीत मात्र ते प्रसिद्ध होत गेले. दर महिन्याला सात-आठ किलो उतरत होते, आणि त्या सोसायटीत लोकांचं कर्तृत्व मोजायचं तेच एक माप उरलं होतं. सेक्रेटरींनी त्यांना क्लबहाऊसमध्ये भाषणाला बोलावलं. काकांनी डबाभर वड्या नेल्या. लोकांनी खाल्ल्या आणि म्हणाले, "वाह अंकल, बिल्कुल पता नहीं चलता." व्हॉट्सॲपवर अंगठ्यांची रांग लागली. काका घरी येऊन डबा आपटत म्हणाले, "पता नहीं चलता म्हणे. वाळू आहे ही. तीस माणसांतला एकही खरं बोलला नाही. ग्रंथपाल, तू सांग."

"छान आहे," मी म्हणालो.

"एकतीस," काका म्हणाले.

स्वयंपाकघरात काकूंच्या हातून एक भांडं जरा जोरात ठेवलं गेलं. हसण्याचा तो एक प्रकार असावा, पण तेवढंच.

मग नारळी पौर्णिमा आली. दिल्लीत तो राखीचा दिवस. सकाळपासून मिठाईच्या दुकानांपुढे गाड्या तिरप्या लागलेल्या. आमच्या घरी नारळीभात. त्या दिवशी देवापुढे साखरेचा चमचा ठेवणं काकूंच्याने झालं नाही. त्यांनी मला बोलावलं, स्टूल धरायला लावलं आणि कढई खाली काढली. गूळ, नारळ, लवंग आणि तुपाचा वास बाल्कनीभर पसरला. कॉलेजला सुट्टी नव्हती, मी रजा टाकली.

नैवेद्य दाखवून झाला. काकू ताट झाकायला दुसरं ताट आणायला आत वळल्या. परत आल्या तर काका पाटावर बसले होते आणि ताट त्यांच्या पुढ्यात होतं.

"तुम्हाला चालत नाही ते."

"हे ताट माझं आहे."

"अहो, भात आहे, गूळ आहे. ती मुलगी काय म्हणाली होती?"

"ती मुलगी सव्वीस वर्षांची आहे. तिने तुझा नारळीभात खाल्लेला नाही."

त्यांनी तीन घास खाल्ले. मग चौथा, पाचवा. लहान मुलाच्या चमच्याने नाही, हाताने. काकू बघत राहिल्या. त्यांनी ताट ओढून घेतलं नाही, हे त्यांनी पुढे मला अनेकदा बोलून दाखवलं.

पंधरा मिनिटांत काका घामाने भिजले. हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली, चेहरा पांढरा पडला. ते स्वयंपाकघरातल्या गार फरशीवर आडवे झाले. मी हॉस्पिटलला फोन लावला. गुळासारखं गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं, अर्ध्या तासात उतरेल, लक्ष ठेवा, असं तिकडून सांगितलं. तो अर्धा तास काकू त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. कपाळ पुसत होत्या आणि शिव्या देत होत्या. चार महिन्यांत त्या त्यांच्याशी पहिल्यांदाच इतकं बोलत होत्या.

"मरायचं होतं तर तिकडेच मरायचं, माझ्या भाताने कशाला? उद्या लोक म्हणतील, बाईने नवरा भात घालून मारला."

काकांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं ते शुद्धीवर नाहीत. मग त्यांचा हात सवयीने पोटावर आला.

"नारळीभात," ते हळू म्हणाले. "तांदूळ मोकळा. लवंग योग्य. गूळ किंचित अधिक. फेरसादर करावा."

काकूंचा हात थांबला. "एवढंसं खाऊन कळलं?"

"कळायला एवढंच लागतं."

"मग चाळीस वर्षं परातभर काय म्हणून खात होतात?"

"तो बफर स्टॉक होता," काका म्हणाले.

काकू हसल्या. पदर तोंडात धरून, हुंदका आणि हसू वेगळं न करता येईल अशा हसल्या. मग बऱ्याच वेळाने, काकांचा श्वास सरळ झाल्यावर, मला म्हणाल्या, "ती पावडर कुठे ठेवलीय यांनी? आण इकडे."

त्यांनी पावडर चिमटीत घेतली, बोटांवर चोळली, तिचा वास घेतला. जिभेला लावली नाही. दुसऱ्या दिवशी वेलदोड्याबरोबर ती दळून वस्त्रगाळ केली. तार येत नाही तर पाकाच्या वाटेला जायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं. बदाम भिजवून, वाटून, तुपावर त्यांचंच तेल सुटेपर्यंत परतले आणि त्यातच वडी बांधली गेली. दही दोन रात्री टांगून चक्का दगडासारखा केला आणि त्याचं श्रीखंड केलं. देवापुढे यातलं काही ठेवलं नाही; तिथे साखरेचा चमचाच राहिला. "देवाला साखर पचते," त्या म्हणाल्या. "पावडर फक्त नवऱ्याला."

पहिल्या बदामाच्या वडीवर काकांनी चाळीस मिनिटं घेतली. आम्ही दोघं समोर बसून होतो.

"बदामाची वडी," ते म्हणाले. "नवीन प्रकरण. पूर्वीची नोंद उपलब्ध नाही." बशी बोटाने पुसून घेतली. "कायमस्वरूपी मंजूर."

त्यानंतरची दोन वर्षं मी त्या खिडकीशी बसून पुस्तकं वाचल्याचं दाखवत फक्त ऐकलं. तीन चमचे, चाळीस मिनिटं, एक शेरा. काकू उत्तर देत, काका प्रत्युत्तर देत, कधीकधी एका वेलदोड्यावरून दुपार जाई. मला वाटतं, पूर्वी वाटी इतक्या लवकर संपायची की बोलायला वेळच मिळत नव्हता. काकांचं वजन निम्म्याला आलं. गुडघ्यांचं ऑपरेशन करावंच लागलं नाही. ते सकाळी सोसायटीला सहा फेऱ्या मारत आणि प्रत्येक फेरीला गार्डला सलाम करत. गार्डला नैवेद्याचं ताट बंद झाल्याबद्दल ते त्याची क्षमा मागत असावेत.

एका फेब्रुवारीत, पाचव्या फेरीला, ते बाकावर बसले आणि उठले नाहीत. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी त्यांचा ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी टाकला आणि खाली लिहिलं, आपण एक फिटनेस आयकॉन गमावला. हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. त्यातल्या एकाने नंतरच्या फोटोखाली आहारतज्ज्ञाचा नंबर विचारला.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं. चौदाव्या दिवशी काकूंनी बदामाची वडी केली, पावडर घालून. सवयीने हात चालले असणार. बशी माझ्यापुढे ठेवली आणि उभ्या राहिल्या.

"कशी झालीय?"

"छान."

त्यांनी बशी उचलली आणि आत नेली. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खिडकीशी येऊन म्हणाल्या, "मला ती कशी झालीय हे खरंच कळत नाही रे. मी या वयात आता चाखायला शिकणार नाही. तुला खरं सांगता येणार नसेल तर मी करणं बंद करते. माझी तक्रार नाही."

मी आयुष्यभर लोकांना बरं वाटेल ते बोलत आलो होतो. परीक्षेच्या मुलाखतीत, कॉलेजात, त्या घरातही. मी एक वडी मागून घेतली, तीस वेळा चावली आणि सांगितलं की बदाम नीट परतले गेले नाहीत, मध्ये कच्चट लागतात. बोलताना माझे कान तापले होते. काकू म्हणाल्या, "गॅस मोठा राहिला असेल." आणि आत गेल्या.

आता त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मी त्याच खोलीत राहतो. त्या आठवड्यातून दोनदा गोड करतात, मी खाऊन सांगतो. कालचं श्रीखंड आंबट होतं. मी तसं सांगितलं.